बॉल कमी हलवा, वाट जास्त बघा : घरी थेरपी बॉल कसा वापरायचा

माझ्या मुलाला स्पॅस्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा (सीपी, मेंदूतल्या इजेमुळे हालचालींना येणारा अडथळा) तो प्रकार ज्यात दोन्ही पाय जास्त ताठ असतात आणि हात त्यामानाने बरे चालतात. आता तो सात वर्षांचा आहे आणि तो दीड वर्षाचा असल्यापासून आमच्या घरात थेरपी बॉल, म्हणजे व्यायामाचा मोठा फुगवायचा बॉल, आहे. पहिले तीनचार महिने मी तो साफ चुकीचा वापरला. कुठेतरी बघितलं होतं की मुलाला बॉलवर बसवून जोरजोरात वर-खाली उडवतात, मूल खिदळतं, आईला बरं वाटतं. तेच मी रोज करायचे. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, पायाची बोटं आत वळायची आणि मला वाटायचं छान व्यायाम चाललाय.

मग एका नवीन फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी त्याला बॉलवर पालथं घातलं, माझे हात त्याच्या मांड्यांवर ठेवले, त्यावर स्वतःचे हात ठेवले आणि बॉल फक्त दोन इंच पुढे नेला. मी पुढे ढकलायला गेले तर म्हणाल्या, "थांबा, आता काही करू नका, बघा फक्त." एक, दोन, तीन, चार... आणि त्याने मान वर उचलली, आपणहून! मी चार महिने त्याला ती संधीच दिली नव्हती कारण त्याचं शरीर उत्तर द्यायच्या आत मी पुढचा धक्का देत होते. या पोरांचं उत्तर उशिरा येतं हो, पण येतं. पुढे जे काही लिहितेय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

सुरू करायच्या आधी एवढं विचारून घ्या

बॉल दिसायला खेळणं आहे पण काही मुलांना त्यावर घालण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आकडी येत असेल, डोक्यात शंट, म्हणजे जास्तीचं पाणी काढणारी नळी, बसवलेला असेल (अशा मुलाचं डोकं खाली जाईल असं काही आपल्या मनाने करायचं नाही), पोटातून नळीने दूध-जेवण देत असाल, हाडं ठिसूळ असतील, हृदयाचा त्रास असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी विचारा. सीपीच्या मुलांमध्ये खुबा हळूहळू सांध्यातून सरकायला लागतो आणि बरेचदा बाहेरून काही दिसतही नाही, त्यामुळे खुब्याचा एक्सरे कधी काढला होता ते आठवा, आणि तो बघितल्याशिवाय पाय फाकवून बसवायचे प्रकार करू नका. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, त्यांना उड्या चालतील का हे डॉक्टरांनीच सांगायचं. आणि अशा मुलाची मान दुखायला लागली, तिरकी राहायला लागली, चाल अचानक बदलली किंवा सुटलेली शी-शू परत कपड्यात व्हायला लागली तर बॉल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

अजून एक, स्पायना बिफिडाच्या (जन्मतः पाठीचा कणा नीट न मिटलेल्या) मुलांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी खूप आढळते आणि ती साधी नसते, जीवावर बेतू शकते. त्यांच्यासाठी बॉल घेताना खोक्यावर लॅटेक्स नाही असं लिहिलंय का ते वाचूनच घ्या. फुगेसुद्धा लॅटेक्सचेच असतात, वाढदिवसाला लक्षात ठेवा.

थेरपिस्ट परवडत नाही म्हणून बऱ्याच आया एकट्याच घरी सुरू करतात, मला कळतं ते. पण एकदा तरी कोणाकडून हात कुठे ठेवायचा ते प्रत्यक्ष शिकून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला होता, त्याच्याखाली जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी नावाची केंद्रं आहेत, लहान मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे फुकट होते. मुंबईत हाजीअलीचं सरकारी पुनर्वसन हॉस्पिटल आहे. आणि सीपी, ऑटिझम, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, १ लाखापर्यंत कव्हर आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. फॉर्म भरून टाका, आळस करू नका.

कोणता बॉल घ्यायचा

मी पहिला बॉल ६५ सेंटिमीटरचा आणला. दुकानदार म्हणाला मोठा घ्या, मूल वाढेल. दीड वर्षाचं पोर त्यावर बसवलं की पाय हवेत लोंबकळायचे आणि ते घाबरून माझ्या गळ्यात पडायचं. बसण्यासाठीचा बॉल कसा हवा, तर त्यावर बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्याच्या पातळीला किंवा थोडे खाली. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंत टेपने मोजा, बसल्यावर बॉल दबतो ते धरून त्या मापापेक्षा थोडा मोठा चालतो. लहान मुलांना ३० किंवा ३५ चा पुरतो. ४५, ५५, ६५, ७५ हे माप बाजारात सर्रास मिळतं पण त्यातले मोठे बॉल मोठ्यांसाठी आहेत. पालथं घालण्यासाठी मात्र ४५ किंवा ५५ चा छान, पृष्ठभाग मोठा असतो आणि आपल्याला धरायला सोपं जातं.

एकच बॉल घ्यायचा असेल आणि मूल सीपीचं असेल तर मी म्हणेन शेंगदाण्याच्या आकाराचा घ्या. तो फक्त पुढे-मागे जातो, आजूबाजूला घरंगळत नाही, त्यामुळे मूल आणि आई दोघांची भीती निम्मी होते. आणि ज्यांचे पाय कात्रीसारखे चढतात त्यांना घोड्यावर बसल्यासारखं त्यावर बसवलं की पाय आपोआप वेगळे राहतात. (खुब्याचं वर लिहिलंय ते इथे विसरू नका.)

खोक्यावर अँटी-बर्स्ट लिहिलेलं बघा, म्हणजे खिळा लागला तरी फट्‌कन न फुटता हळूहळू हवा जाते. वजनाची मर्यादाही बघा. नवीन बॉलमध्ये पहिल्या दिवशी थोडी कमीच हवा भरून एक दिवस तसाच ठेवायचा, मग पूर्ण. माप कळायला भिंतीवर टेपने मोजून पेन्सिलची खूण करा आणि बॉल त्या खुणेपर्यंत फुगवा. पण सुरुवातीला मी तर म्हणते पूर्ण भरूच नका, जरा मऊ ठेवा. मऊ बॉल जमिनीवर पसरून बसतो, हळू हलतो. कडक बॉल जरा धक्का लागला की पळतो. मूल तयार होत जाईल तशी हवा वाढवा.

आणि चुंबळ! हे मला माझ्या आईने सुचवलं. जुनी सुती साडी पिळून गोल गुंडाळायची, डोक्यावर हंडा घेताना करतात तशीच फक्त मोठी, ती जमिनीवर ठेवून त्यात बॉल बसवायचा. बॉल जागेवरच राहतो, थोडासाच डुलतो. घाबरट मुलांसाठी यापेक्षा भारी काही नाही आणि खर्च शून्य.

जागा आणि वेळ

फरशीवर नुसती चटई सरकते, जाड गोधडी किंवा घट्ट बसणारी मॅट टाका. आजूबाजूला टीपॉयचे कोपरे नकोत. स्वतःच्या बांगड्या, अंगठ्या काढा, मंगळसूत्र आत टाका, मुलाचे पैंजण काढा. मोजे काढून पाय उघडे ठेवा कारण पायाच्या बोटांकडे आपल्याला सतत बघायचंय. पोट भरल्यावर निदान एक तास बॉल नाही, ज्यांना दूध वर येतं त्यांना तर जास्तच वेळ सोडा. झोप आलेलं, भुकेलेलं, तापातून उठलेलं मूल असेल तर त्या दिवशी सुट्टी, काही बिघडत नाही.

पहिला आठवडा: बॉलवर बसवायचंच नाही

खरंच. बॉल घरात नुसता असू दे. ढकला, थोपटा, त्यावर डोकं टेकून झोपल्याचं नाटक करा, भावंडाला खेळू दे. मग मूल गुडघ्यावर उभं राहून बॉलला मिठी मारेल, पुढे रेलेल, तेवढंच करा. काही मुलांना पाय जमिनीवरून सुटले की जीव गेल्यासारखी भीती वाटते, त्यांच्या मेंदूला तो छोटा बदलही पडल्यासारखा जाणवतो. त्याला हट्टीपणा म्हणू नका आणि "काही होत नाही रे" म्हणत उचलून वर ठेवू नका, एकदा असं केलं की पुढचे दोन महिने ते बॉलकडे फिरकत नाही.

पालथं घालणं, सगळ्यात कामाची गोष्ट

मुलाला बॉलसमोर गुडघ्यावर बसवा, दोन्ही हात बॉलवर, मग हळूच पुढे रेलून पोट आणि छाती बॉलवर येऊ दे. खांदे बॉलच्या थोडे पुढे हवेत म्हणजे हात मोकळे राहतात. तुम्ही मागे गुडघ्यावर बसा. हात कुठे? खुब्याच्या दोन्ही बाजूंना किंवा मांडीच्या वरच्या भागावर, तळवा पूर्ण टेकवून, बोटं रुतवून नाही. घोट्याला धरून कधीच नाही. घोटा धरला की गुडघा आणि खुबा दोन्ही तुमच्या ताब्यात नसतात आणि ताठ पाय अजून ताठ होतात. सीपीच्या थेरपीत ज्या बॉबाथ जोडप्याचं नाव घेतात, लंडनमधले बर्टा आणि कारेल बॉबाथ, त्यांच्या पद्धतीचा गाभाच हा की कुठे धरलं तर पूर्ण शरीर बदलतं. हे वाक्य मला मॅडमनी सांगितलं तेव्हा नुसतं ऐकलं होतं, कळलं ते हात ठेवल्यावर.

मान अजून नीट धरत नसेल तर बॉल आधी आपल्याकडे मागे घ्या, म्हणजे पाय खाली आणि डोकं वर असा उतार होतो, त्यात मान उचलायला सोपी जाते. जमायला लागलं की बॉल सपाट, आणि मग दोन इंच पुढे. पुढे नेलं की थांबा. मनात पाच आकडे मोजा. आधी भुवया उचलतात, मग मान, मग खांदे, मग छाती थोडी सुटते. काहीच नाही झालं तरी परत मागे या, श्वास घेऊ द्या, परत. पाचसहा वेळा पुरे.

समोर काहीतरी हवं ना पण बघायला! खेळणं जमिनीवर ठेवू नका, डोकं खाली जातं. डोळ्यांच्या रेषेत ठेवा. आमच्याकडे समोर कपाटाचा आरसा आहे, त्यावर मी टिकल्या लावून ठेवायचे आणि तो एकेक काढायचा. एक हात सुटला की दुसऱ्या हातावर भार येतो, आपोआप. (तोंडात घालणारं मूल असेल तर टिकल्या नकोत, मोठे स्टिकर घ्या.)

नंतर नंतर बॉल अजून पुढे नेऊन दोन्ही तळहात गोधडीवर टेकवायचे. पडताना हात पुढे करून स्वतःला सावरणं हे साधारण मुलं पहिल्या वर्षातच शिकतात, आपल्या मुलांना ते वेगळं शिकवावं लागतं. पण हळू, आणि पहिले काही दिवस पुढे दुसरं माणूस हवंच. मुठी घट्ट असतील तर जबरदस्तीने बोटं उघडू नका, हाताच्या बाहेरच्या कडेवरून मनगटाकडे हलकं चोळा, भार जरा कमी करा, उघडतात.

आणि ज्यांचं अंग खूप ताठ आहे त्यांच्यासाठी पालथं घालून नुसतं संथ झुलवणं, पुढे-मागे, पाळण्याच्या लयीत, दोनतीन मिनिटं, न बोलता किंवा हळू गुणगुणत. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात, त्यातलं पाणी कसं हलतं त्यावर मेंदू ठरवतो अंग सैल सोडायचं का सावध व्हायचं. संथ एकसारख्या लयीने अंग सैलावतं, झटक्याने आणि वेगाने जागं होतं. म्हणून एकाच बॉलने एक मूल शांत होतं आणि दुसरं पेटतं, फरक तुमच्या वेगात आहे.

बसवणं

तुम्ही मागे पाटावर किंवा छोट्या स्टुलावर बसा, समोर आरसा असला तर उत्तम. मुलाचे तळपाय टेकलेले. तुमचे हात त्याच्या कमरेच्या खाली, खुब्यावर. आपली मुलं माकडहाडावर टेकून पाठीला कुबड काढून बसतात, तेव्हा पाठ सरळ कर, सरळ बस असं ओरडून उपयोग नाही, खुबे हलके पुढे आणले की पाठ आपली आपण उभी राहते. हात जितके वर, बरगड्यांपाशी, तितकी मदत जास्त. मग कंबर, मग खुबे, मग मांड्या. महिन्या-महिन्याने हात खाली सरकत गेले तर समजा प्रगती आहे, वेगळं सर्टिफिकेट नको.

आता बॉल उजवीकडे दोन इंच. थांबा. डोकं परत मध्ये येतंय का? येतंय तर डावीकडे. मग पुढे-मागे. त्याने तुमच्या आधी धड सरळ केलं की तेवढं पुरे, अजून जास्त कलवायचा मोह होतो, तो टाळा. जमायला लागलं की हाताला काम द्या. मटार सोलणं, धुतलेले मोजे जोडीने लावणं, टीशर्ट डोक्यातून घालणं. टीशर्ट डोक्यातून घालताना डोळे झाकले जातात आणि तोल डोळ्यांशिवाय सांभाळावा लागतो, करून बघा किती अवघड आहे ते.

उड्या कोणाला

ज्यांचं अंग सैल आहे, मान-पाठ ढेपाळते, त्यांना अभ्यासाला किंवा जेवायला बसण्याआधी अर्धा-एक मिनिट छोट्या उड्या मदत करतात, अंग जागं होतं. बूड बॉलवरून सुटलं नाही पाहिजे, एवढ्याच छोट्या. ताठ अंगाच्या मुलांना उड्या देताना नजर पायाच्या बोटांवर ठेवा. बोटं वळली, टाचा उचलल्या, पाय चिकटले की बंद. हसतंय म्हणून चालू ठेवू नका, माझा मुलगापण हसायचा.

ऑटिझमच्या मुलांसाठी

माझ्या नणंदेचा मुलगा ऑटिस्टिक आहे, त्याच्यामुळे मला बॉलचा दुसराच उपयोग कळला. तो बोलत नव्हता. थेरपिस्टनी सांगितलं, तीन उड्या द्या आणि थांबा, काही बोलू नका. पहिल्या दिवशी त्याने स्वतःच अंग हलवलं. काही दिवसांनी त्याने मामीचा, म्हणजे माझा, हात धरून बॉलवर आपटला. ते त्याचं "अजून" होतं! आम्ही लगेच "अजून!" म्हणून तीन उड्या दिल्या. आधी हात, मग नजर, मग "अ" असा आवाज. हे पण वाट बघणंच आहे, फक्त इथे मानेऐवजी शब्दाची.

दुसरं म्हणजे दाब. मूल गोधडीवर पालथं झोपतं आणि तुम्ही बॉल पाठीवरून, मांड्यांवरून, पोटऱ्यांवरून पोळी लाटल्यासारखा हळू फिरवता. काही मुलांना हे इतकं आवडतं की स्वतः येऊन झोपतात. मानेवर आणि डोक्यावर नाही, चेहरा एका बाजूला मोकळा, आणि अंगाचा पूर्ण भार टाकायचा नाही. किती दाब हवा ते विचारा, बोलत नसेल तर चेहऱ्यावरून कळतं, आणि उठून गेलं तर संपलं, परत ओढून आणायचं नाही.

वर्गात खुर्चीऐवजी बॉल ठेवतात ते काहींना चालतं, काहींचं लक्ष उलट उडतं. घरी दहा मिनिटं करून बघा आणि मग शाळेत बोला. ज्याला बसायला आधार लागतो त्याला मात्र लिहिताना खुर्चीच हवी.

उताणं घालून मागे वाकवणं मी घरी करत नाही. दिसायला छान दिसतं, पण ताठ मुलं त्यात धनुष्यासारखी मागे फेकली जातात. तुमच्या थेरपिस्टनी समोर उभं राहून शिकवलं असेल तरच.

कधी थांबायचं

चेहरा पांढरा पडला किंवा एकदम लाल झाला, घाम, उचकी, सारख्या जांभया, मळमळ, नजर एका जागी थिजली, श्वास रोखला, किंवा हसणं थांबतच नाहीये आणि त्यात जरा कर्कशपणा आलाय, यातलं काहीही दिसलं की खाली. मांडीवर किंवा गोधडीवर घट्ट धरून शांत बसा. तोलाच्या खेळांचा परिणाम लगेच संपत नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी चिडचिड झाली, झोप बिघडली तर दुसऱ्या दिवशी निम्म्याने कमी करा.

दहा मिनिटं दिवसातून एक-दोनदा, आमचं एवढंच असतं. एका वहीत तारीख, काय केलं, हात कुठे होता आणि उत्तर किती आकड्यांनी आलं एवढं लिहिते. सुरुवातीला मान उचलायला सात-आठ आकडे लागायचे, वर्षाने दोन. थेरपिस्टला ही वही दाखवली की त्यांना दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत.

तसं बघितलं तर हा बॉल मुलांचाच. १९६३ मध्ये इटलीतल्या अक्विलिनो कोसानी नावाच्या प्लास्टिकवाल्याने तो बनवला आणि मेरी क्विंटन नावाच्या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टने स्वित्झर्लंडमध्ये तान्ह्या बाळांसाठी वापरायला घेतला, म्हणून स्विस बॉल म्हणतात. जिमवाले फार नंतर आले.

बॉलने सीपी जात नाही, ऑटिझम जात नाही. आणि बॉलवर छान बसणारं मूल जमिनीवर छान बसेलच असंही नाही, हे मला उशिरा कळलं. म्हणून आम्ही बॉल नेहमी जेवणाच्या आधी घेतो, तो झाला की लगेच पाटावर बसवून ताट समोर. पाठीला भिंत नाही, मी मागे बसून खुब्यावर एक हात. वरण-भात खाताना आता मधेच हात काढून घेते. परवा हात काढला आणि मोजायला लागले, पंचेचाळीसपर्यंत आले तेव्हा त्याने वळून विचारलं, "आई, लिंबू कुठेय?" म्हणून मी उठून आणायला गेले.